न गोठणारं पाणी

२० नोव्हेंबर १९७७, रविवार. परभणी

आज बाबांनी जीप घेतली! आमच्या बाबांनी, ज्यांनी आयुष्यात सायकलीपलीकडे काही चालवलं नाही, त्यांनी कुणाला न विचारता सूर्यभानमामांची जीप विकत घेऊन दारात उभी केली. मामा म्हणजे मायचे चुलतभाऊ. पाथरी-परभणी रस्त्यावर सहा माणसांच्या जागी चौदा बसवून त्यांनी ती दहा वर्षं पळवली. मूळची मिलिटरीची. रंग उडालेला, हूड फाटलेलं, पण इंजिन पहिल्या हाकेला ओ देतं.

जीप कमलअक्काकडे जाणार आहे. अक्का औरंगाबादहून डॉक्टर झाली तेव्हा बाबांनी तिच्या दवाखान्यासाठी स्टेशन रोडला खोली बघून ठेवली होती. ती निघून गेली हिमाचलात, शिमल्याच्या पलीकडे डोंगरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात. चार वर्षं झाली. बाबा तिला पत्र लिहीत नाहीत. तिचं पत्र माझ्या नावानं येतं, मी मायला मोठ्यानं वाचून दाखवते आणि बाबा पलीकडे पेपर वाचत बसतात. मागच्या पत्रात तिनं लिहिलं होतं की गेल्या हिवाळ्यात अडलेल्या एका बाईला खाटेवरून खाली न्यावं लागलं, पोचायला उशीर झाला. आधी भाड्याची गाडी मिळाली होती, पण काच अशी गोठली की ड्रायव्हरला समोरचं दिसेना.

मी विचारलं, "बाबा, अक्कासाठी का हो जीप?"

"दवाखान्यासाठी हाय," बाबा म्हणाले. "तिच्यासाठी न्हाई."

माय भाकरी थापत होती. मला वाटलं हसली, पण चुलीचा धूर असेल.

२२ नोव्हेंबर, मंगळवार

कॉलेजातून आले तर बाबा जीपच्या पुढच्या काचेसमोर खुर्ची टाकून बसलेले. शाळेत मास्तर होते तेव्हा फळ्यासमोर बसायचे तसे. मला बघताच म्हणाले, "सत्यशीला, तू केमिस्ट्रीची ना? मग सांग, काचेवर बर्फ जमलं तर काय करायचं?"

मी कॉलेजात रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर आहे. परीक्षानळ्या धुवून घेणं आणि पोरांच्या हातून अॅसिड सांडू न देणं, एवढंच माझं काम. आजवर घरात कुणी मला केमिस्ट्रीतलं काही विचारलं नव्हतं. मी लगेच सांगायला लागले. पुढच्या गाडीचा चिखल उडतो, तो धुवायला काचेवर पाणी मारावं लागतं. साधं पाणी मारलं तर ते काचेवरच गोठतं, म्हणजे चिखलावर बर्फाचा थर. म्हणून असं पाणी पाहिजे की जे शून्याच्या खाली गेलं तरी गोठणार नाही, काच चिकट करणार नाही, रबर आणि रंग खाणार नाही.

"आन् माणसाला अपाय करणार न्हाई," बाबा म्हणाले.

"माणूस कशाला पितोय ते?"

"दवाखाना हाय तो. बाटल्याच बाटल्या असतात."

मामा म्हणाले, "घासलेट मारा. गोठत न्हाई." घासलेटाचा तेलकट तवंग काचेवर राहील आणि वायपरचं रबर फुगेल. मी ते खोडून काढलं तेव्हा मामा जरा नाराज झाले. पण आता खरा प्रश्न असा की परभणीत थंडी कुठून आणायची? इथं डिसेंबरात फार तर स्वेटर लागतो. जे मिश्रण करू ते गोठतं की नाही, कळणार कसं?

मला झोप येईना. आणि मग सुचलं. कुल्फी!

२४ नोव्हेंबर, गुरुवार

बन्सीधर कुल्फीवाले म्हणजे भाजीमंडईच्या कोपऱ्यावरचे. थंडीत त्यांचा धंदा झोपलेला असतो. मी प्रयोगशाळेतलं थर्मामीटर आणि सहा बाटल्या घेऊन गेले. ते आधी काळजीनं माझ्याकडे बघत राहिले, मग सगळं कळल्यावर एकदम उठले आणि पीप धुवायला लागले.

"म्हंजी माझ्या पिपात हिमालय करायचा म्हणता?"

"हो काका."

"मग मीठ जास्त घालावं लागंल."

फोडलेला बर्फ, वर जाडं मीठ, पुन्हा बर्फ. थर्मामीटर उतरत उतरत शून्याखाली बारावर गेलं! परभणीच्या भाजीमंडईत! मी ओरडलेच. भाजी घ्यायला आलेल्या बायका जमा झाल्या.

साधं पाणी: काही मिनिटांत दगड. साबणाचं पाणी: तेच. मिठाचं पाणी: गोठलं नाही, पण काचेवर फासून वाळवलं तर पांढरे डाग, शिवाय पत्रा गंजणार. ग्लिसरीन घातलेलं: गोठलं नाही, पण काचेतून बघितलं तर बन्सीधरकाकांचं तोंड पाण्याखाली असल्यासारखं दिसायला लागलं.

चारही नापास. तरी मी घरी येताना जवळजवळ पळत होते.

२७ नोव्हेंबर, रविवार

मामांनी पंप केला. प्लास्टिकचा डबा, त्यातून रबरी नळी, मध्ये दाबायचा रबरी फुगा आणि टोकाला फवारणी पंपाची तोटी. आत बसून फुगा दाबला की काचेवर फवारा. साधं पाणी भरून बाबांनी तो इतक्या वेळा दाबला की अंगणात चिखल झाला. समोरच्या भिवराबाई शेळ्या सोडत होत्या. म्हणाल्या, "गुर्जी, गाडीला न्हाऊ घालायलाव का?"

दुपारी बर्फाच्या कारखान्यात. मामांचं म्हणणं, "येवढी भानगड कशाला, गरम पाणी मारा, बर्फ पळून जाईल." मी म्हटलं काच फुटेल. म्हणाले न्हाई फुटणार. म्हणून जुन्या खिडकीची एक काच बर्फाच्या लाद्यांमध्ये ठेवली, चांगली गार होऊ दिली आणि मामांनी स्वतःच्या हातानं किटलीतलं गरम पाणी तिच्यावर ओतलं.

ठाण्! असा आवाज झाला की कारखान्याचा मालक आतून धावत आला. काच या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरली होती.

"बरं," मामा किटली खाली ठेवत म्हणाले, "गरम पाणी बाद."

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. बाबांना असं हसताना मी कधी पाहिलं होतं ते आठवत नाही.

१ डिसेंबर, गुरुवार

मिळालं! मामांनी औरंगाबादहून हिरव्या रंगाचं कूलंट आणलं. थंड मुलखात इंजिनाचं पाणी गोठू नये म्हणून रेडिएटरमध्ये घालतात ते. आत ग्लायकोल. पाण्यात अर्धं घालून पिपात ठेवलं. बाराच्या खाली गेलं, तरी हलवलं की डुचमळतं! बन्सीधरकाकांनी मला पेढा दिला.

संध्याकाळी ओट्यावर काचेला लावून बघितलं. थोडं तेलकट दिसतं, पण साबणाचा थेंब घातला तर चालेल असं वाटतं. बाबांना दाखवायला धावत आत गेले.

२ डिसेंबर, शुक्रवार

भिवराबाईंची एक शेळी सकाळपासून झिंगल्यासारखी चालतेय. पाय कुठं पडतोय तिला कळत नाही.

कालचं घमेलं ओट्यावर राहिलं होतं. उरलेलं हिरवं पाणी त्यात होतं. आज घमेलं रिकामं आहे. आधी मला वाटलं, मायनं सांडलं असेल. मग बाटलीच्या बुचाला बोट लावून चाखलं आणि लगेच थुंकून चूळ भरली. गोड लागतं.

शेळी गोड सोडेल कशी?

४ डिसेंबर, रविवार

शेळी गेली. दोन दिवस नुसती पडून होती, पाणी पाजलं तरी लघवी बंद. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं गेली. पुस्तकात हे सगळं लिहिलेलं आहे, मी बीएस्सीला वाचलेलं आहे, आणि तरी घमेलं ओट्यावर ठेवून आत गेले होते. बाटली गोठली नाही याच्या आनंदात.

भिवराबाई रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "लेकरू ऱ्हाईलं तिचं. दूध कुठून पाजू?" बाबा आणि मी दोघं गेलो होतो. बाबांनी हात जोडले. दुसरी दुभती शेळी आणून देतो म्हणाले आणि संध्याकाळच्या आत येलदरीच्या बाजूनं आणलीही. मी त्या पिल्लाला मांडीवर घेऊन नव्या शेळीला लावलं. आधी तिनं लाथ मारली. मग घेतलं.

बाबा घरी येऊन म्हणाले, "आज शेळी होती. तिथं एखादं लेकरू असतं." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

हिरवं पाणी बाद. उरलेलं कॉलेजात नेऊन ठेवलं, कुलपात.

८ डिसेंबर, गुरुवार

तीन दिवस काही केलं नाही. परवा सहा तारखेला सगळे पुतळ्यापाशी वंदनेला गेलो होतो. गर्दीत बन्सीधरकाका भेटले आणि म्हणाले, "पोरी, पीप वाळायलाय." तेवढ्यानं मला पुन्हा हुरूप आला.

आज मिथेनॉल. प्रयोगशाळेत आहेच, स्वस्त आहे, पाण्यासारखं पातळ, आणि पिपात काय करामत केली त्यानं! गोठायचं नावच नाही. काच लख्ख. चिकट नाही, डाग नाही. मी आणि मामा दोघंही नाचायच्या बेताला आलो होतो.

बाबांनी विचारलं, "हे पोटात गेलं तर?"

मी खरं ते सांगितलं. चमचा दोन चमचे गेले तरी माणूस आंधळा होऊ शकतो. जास्त गेलं तर मरतो. वास दारूसारखा, म्हणून चुकून पिणारेही असतात.

बाबा म्हणाले, "नीट दिसावं म्हणून चाललंय ना हे सगळं? मग डोळं घालवणारं औषध कसं न्यायचं?"

मामांनी रेक्टिफाइड स्पिरिट सुचवलं. त्याला परवाना लागतो, आणि दुसरी अडचण म्हणजे आठवडाभराचा प्रवास मामांबरोबर आहे. बाबांनी मामांकडे बघितलं. मामांनी छताकडे बघितलं. स्पिरिटचा विषय तिथंच संपला.

१४ डिसेंबर, बुधवार

आमच्या विभागप्रमुखांनी औरंगाबादच्या दुकानातून आयसोप्रोपाइल अल्कोहोल मागवून दिलं. दवाखान्यात कातडी पुसायला वापरतात ते. हेही प्यायचं नाहीच, पोटात गेलं तर माणूस बेशुद्ध पडेल. पण एका चमच्यानं डोळे घालवणारं नाही, वास उग्र, चव कडू, शेळीसुद्धा तोंड फिरवील. (भिवराबाईंच्या शेळीवर नाही हं, जिभेच्या टोकावर थेंब ठेवून मीच बघितलं.)

पाण्याचे तीन भाग आणि याचा एक भाग: बर्फाचा चिखल झाला. पाण्याचे दोन भाग, याचा एक: कडेला जरा कण दिसले. दोन्ही सारखे: स्वच्छ पाणी! काकांनी पिपात आणखी मीठ कोंबलं, पंधरापर्यंत नेलं, तरी पाणीच. साबणाचे चार थेंब घातले, काचेवर चिखल फासून फवारा मारला, वायपर फिरवला. बन्सीधरकाका काचेपलीकडे उभे होते, त्यांच्या मिशीतला एकेक केस दिसला.

बशीत घेऊन काडी लावली तर निळ्या ज्योतीनं जळलं. मामांनी तोंडातली विडी आपण होऊन विझवली.

पण सामान थोडं आहे. सारख्या भागांनी केलं तर दोन महिने पुरेल, दोनास एक केलं तर हिवाळाभर. अक्कानं लिहिलंय की सकाळी पारा शून्याखाली पाचसहापर्यंत जातो. दोनास एक त्याला पुरे. थोडे कण दिसले होते ते बाराला. मी दोनास एक ठरवलं. उरलेली एक बाटली शुद्ध तशीच बरोबर घेणार.

पाण्यासारखं दिसू नये म्हणून चिमूटभर निळा रंग टाकला. डब्यांवर हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहिलं: ज़हर. पीना मना है. आग से दूर. बाबांनी माझं अक्षर नापसंत करून सगळं पुन्हा स्वतः लिहिलं.

१८ डिसेंबर, रविवार

निघायचं शुक्रवारी. नाताळाची सुट्टी जोडून रजा मिळाली. मामा चालवणार, मी मिश्रणाची जबाबदार, आणि माय येणार होती. पण आज सकाळी मायनं गुडघा धरला. येवढ्या लांब बसवणार न्हाई म्हणाली. काल तर वालूरच्या शिवारात शेतापर्यंत चालत जाऊन आली होती! थंडीचं दुखणं असंच, केव्हा उठेल सांगता येत नाही.

"मग तुमी जा," माय बाबांना म्हणाली.

"मी? मी कशाला?"

"सामान दिलंय कुणाच्या ताब्यात? पंप कसा दाबायचा ते सांगाय नको का कुणी?"

मी म्हणणार होते की मी सांगेन, मामा सांगतील. पण मायनं माझ्या पायावर पाय दिला. जागा अरुंद आहे आमच्या स्वयंपाकघरात.

बाबा बराच वेळ जीपपाशी उभे राहिले. आत आले ते म्हणाले, "पंपाचं खरं हाय. ते नीट समजावून द्यावं लागंल."

२३ डिसेंबर, शुक्रवार

निघालो! बन्सीधरकाका पहाटे नारळ घेऊन आले. भिवराबाईंनी बाबांना काळी घोंगडी दिली. माय दारात उभी होती. तिनं बाबांच्या हाती एक गाठोडं दिलं आणि सांगितलं, "तिळाचे लाडू हायत. फोडू नका वाटंत."

जिंतूरपर्यंत मी मागं बसून नुसती हसत होते. कशाला हसते विचारलं तर सांगता आलं नाही.

२६ डिसेंबर, सोमवार. आग्र्याच्या अलीकडे

दोनदा पंक्चर. थंडी खरी थंडी आहे. धाब्यावर बाबा कढईपाशी शेकत बसले. मामा म्हणाले, "भगवानराव, कमळीशी बोलणार काय म्हणून ठरवलंय?"

"कशाचं बोलणं? जीप द्यायची, परत फिरायचं."

पण मघाशी मी हूडखाली पडले होते, तेव्हा पुढं बसून बाबा हळू आवाजात स्वतःशीच काही म्हणत होते. मला वाटतं पंपाच्या सूचना पाठ करत होते. एकच वाक्य पुन्हा पुन्हा. बाबांचं सगळं असं नीटनेटकं.

२९ डिसेंबर, गुरुवार. दवाखान्यात

पोचलो. नारकंड्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बर्फ, आयुष्यात पहिल्यांदा. मी गाडी थांबवून मूठभर उचललं आणि खाल्लं. कुल्फीच्या पिपातल्यासारखंच, फक्त मीठ नाही.

दवाखाना म्हणजे डोंगराच्या कडेला चार खोल्या. अक्का धावत बाहेर आली. केस पांढरे झालेत कानापाशी, गाल थंडीनं फुटलेत. मला मिठी मारली आणि मग बाबा दिसले तशी तिथंच थांबली. बाबा येणार हे तिला कुणी कळवलंच नव्हतं.

बाबांनी काय केलं असेल? चार वर्षांनी भेट. ते जीपपाशी गेले, डबा दाखवला आणि म्हणाले, "ह्यात साधं पाणी घालायचं न्हाई."

अक्का म्हणाली, "नाही घालणार."

"हा फुगा. हलकेच दाबायचा. जोरात दाबला तर नळी निसटंल."

"असा?"

"असा न्हाई. असा." मग साबण, मग रंग, मग डब्यावरची अक्षरं, मग विडी. अर्धा तास! मला शरम वाटली. बाप लेकीला भेटतो आणि काचेच्या गोष्टी करतो. आणि अक्काही तशीच. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, पुन्हा एकदा दाखवा, नीट कळलं नाही." अक्का, जी डॉक्टर आहे! शेवटी मीच म्हटलं की चहा गार होतोय.

३१ डिसेंबर, शनिवार. रामपूर

विसरायच्या आत लिहून ठेवते.

उजाडायच्या सुमारास वरच्या गावातून एका बाईला आणलं. पहिलटकरीण, कालपासून अडलेली. अक्कानं तपासलं आणि म्हणाली, इथं होणार नाही, पोट उघडावं लागेल, रामपूरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं. मामांनी इंजिन तापवलं. बाबा पुढं, मागं अक्का, ती बाई, तिचा नवरा आणि मी. बाईच्या पायाशी गरम पाण्याच्या दोन रबरी पिशव्या.

पहिली दोन वळणं ठीक. मग समोरून मिलिटरीचा ट्रक गेला आणि बर्फाचा घाण चिखल थपकन काचेवर बसला. मामांनी फुगा दाबला. निळं पाणी आलं, वायपर फिरला, काच स्वच्छ! मी मनात उडीच मारली.

आणि पुढच्या क्षणी काच पांढरी झाली. पूर्ण पांढरी. दुधाची साय धरावी तशी.

"दिसंना! मला काय बी दिसंना!" मामा ओरडले आणि ब्रेक दाबला. जीप घसरली, तिरपी झाली, थांबली. उजव्या चाकापासून दोन हातांवर कडा होता. खाली नदी.

मामांनी पुन्हा फुगा दाबला, थर आणखी जाड झाला. ती बाई कण्हत होती. अक्का म्हणाली, "सत्या, काय झालं हे?" पिपात गोठलं नाही ते इथं गोठलं. मीच केलेलं पाणी.

मी खाली उतरले. वारा तोंडावर चाबकासारखा. हातावर ते निळं पाणी सांडलं होतं, हात एकदम जळल्यासारखा गार पडला आणि तिथं कळलं. अल्कोहोल वाऱ्यानं उडतंय! उडताना काच आणखी गार करतंय आणि मागं राहिलेलं पाणी गोठतंय. पिपात झाकण लावलेली बाटली होती. पिपात वारा कुठं होता?

"अक्का, एक पिशवी दे! काच आतून गरम करायची. मामा, किटली नको, कोमट पिशवी, फडक्यात गुंडाळून, हळूहळू!"

अक्कानं क्षणभर त्या बाईच्या पायांकडे बघितलं. एक पिशवी ठेवली, दुसरी बाबांच्या हातात दिली. बाबांनी ती घोंगडीच्या टोकात गुंडाळली आणि मामांच्या समोर काचेला आतून धरली. फिरवत राहिले, एका जागी ठेवली नाही. मी डब्यात उरलेल्या पाण्यात शुद्ध अल्कोहोल जवळजवळ तेवढंच ओतलं, फळीच्या तुकड्यानं बाहेरचा थर खरवडला, वरून नवं पाणी मारलं. धुरकट गोल पडला. मोठा झाला. त्यातून रस्ता दिसला.

"ऱ्हाऊ द्या असंच," मामा म्हणाले. "एवढ्यातून मी मद्रासपर्यंत नेतो."

मग बाबांनी रामपूरपर्यंत तो हात खाली घेतला नाही. वळणावर आदळत होते, पण पिशवी काचेवर. ती गार झाली तशी घोंगडीत हात गुंडाळून नुसता हातच धरून राहिले. काच घाण झाली की मामा गाडी हळू करत, मग फवारा, मग वायपर. गोठली नाही. एकदाही नाही!

मुलगी झाली. दोघी ठीक आहेत. तिचा नवरा मामांच्या गळ्यात पडला आणि मामा, जे कशालाही रडत नाहीत, त्यांनी विडी काढली आणि ती उलटी पेटवली.

अक्का हात धुवून बाहेर आली तेव्हा बाबा बाकावर बसले होते. बोटं आखडलेली, सरळ होईनात. अक्का त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि एकेक बोट चोळायला लागली. बाबा म्हणाले, "तू रोज अशा रस्त्यानं जातीस?"

"रोज नाही."

"एकटी?"

अक्कानं पुढचं बोट चोळायला घेतलं.

"खोली मी सोडून दिली ती," बाबा म्हणाले. "स्टेशन रोडची. कवाच सोडली. भाडं उगं चाललं होतं." इथं मध्येच खोलीचं काय काढलं कुणास ठाऊक. थकल्यावर माणूस काहीही बोलतो. अक्का मात्र त्यांचा हात तसाच धरून बराच वेळ बसून राहिली.

२ जानेवारी १९७८, सोमवार. शिमला, बसस्टँड

मी आणि मामा परत निघालो. माझं डोकं नुसतं पळतंय. परभणीत पोचल्याबरोबर पुढचा प्रयोग: बर्फाच्या कारखान्यात गार केलेली काच, तिच्यासमोर टेबलफॅन आणि मग फवारा. वाऱ्याशिवाय परीक्षा घेतली ही माझी मूळ चूक. सारखे भाग तर हवेतच, कदाचित अल्कोहोल थोडं जास्तच. बन्सीधरकाकांना हे सांगेन तेव्हा ते पंखा स्वतःच्या दुकानातून आणतील, मला माहीत आहे. विभागप्रमुख सर आणखी दोन कॅन मागवून देतील. पार्सलनं पाठवता येणार नाही, जळणारं आहे, म्हणजे पुन्हा कुणीतरी घेऊन यावं लागणार. मी येईन!

बाबा आले नाहीत. काल संध्याकाळी मी त्यांची पिशवी भरली, त्यांनी ती रिकामी केली. म्हणाले, काचेचं अजून नीट बसलं नाही, एवढा हिवाळा बघून येतो. मी समजावलं की आता सगळं बसलंय, प्रमाण कळलंय, पिशवी धरायचं कळलंय, अक्का स्वतः करू शकते. ऐकायला तयार नाहीत.

मी अक्काला म्हटलं, "तू तरी सांग त्यांना. एका काचेसाठी तीन महिने कुणी राहतं का?"

अक्का म्हणाली, "राहू दे गं. काचेचं काम लय नाजूक असतं."

आणि दोघंही एकमेकांकडे बघून हसायला लागले, बाबा तर ठसका लागेपर्यंत. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. काचेचं काम खरंच नाजूक असतं.